परागीभवन शिकवलं आणि राहतं घर गेलं: एकांड्या मधमाश्यांचा माग काढणारे फाब्र

सोलापूरच्या नवी पेठेत खरेदीला गेलात आणि एखाद्या जुन्या इमारतीच्या लाकडी चौकटीकडे किंवा वाशाकडे नीट पाहिलंत, तर कधीकधी तिथे बोट जाईल एवढं गोल भोक दिसतं. खाली लाकडाचा बारीक भुसा पडलेला असतो. गिरमिटाने पाडावं इतकं ते भोक नेटकं असतं, पण ते सुताराचं काम नव्हे. ते भुंग्याचं घर. काळाकुळकुळीत, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला, कानाशी आला की दचकवणारा भुंगा. असं भोक दिसलं की बहुतेक जण ते पुट्टीने बुजवून टाकतात.

भुंगा ही मधमाशीच आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. तिला पोळं नसतं, राणी नसते, कामकरी माश्यांची फौज नसते. आपल्याला काढून घेता येईल असा मधही नसतो. एक मादी एकटीच घर करते, एकटीच परागकण आणि मकरंद आणते, अंडी घालून कोठड्या बंद करते. अशा मधमाशीला आपण एकांडी मधमाशी म्हणू. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य अशाच एकांड्या आहेत. पोळं करून राहणाऱ्या माश्या संख्येने डोळ्यांत भरतात, म्हणून मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळंच आठवतं. ज्ञानेश्वरीतला भ्रमर मात्र कोरडं लाकूड पोखरू शकतो आणि कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. लाकूड पोखरणारा म्हणजे हाच आपला एकांडा भुंगा.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही माशी बिनकामाची नाही. शेवग्याच्या फुलांचं परागीभवन करण्यात भुंग्यांचा मोठा वाटा असतो, असं दक्षिण भारतातल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापूरला केगावात आहे. डाळिंबाच्या एकाच झाडावर नुसती नर फुलं आणि फळ धरणारी फुलं अशी दोन्ही येतात, त्यामुळे एका फुलावरचे परागकण दुसऱ्यावर नेणारं कुणी आलं तर फळं चांगली धरतात. फुलांवर पाळीव माश्या येतात, रानमाश्या येतात आणि या एकांड्याही येतात. फक्त मध देत नसल्यामुळे त्यांची मोजदाद कुणी करत नाही.

मग ती केली कुणी? अठराव्या शतकात रेओमूर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने सुरुवात केली होती. पण भर उन्हात दगडांवर बसून, वर्षानुवर्षं एकेका माशीच्या मागे राहून त्यांचं चरित्र लिहिलं ते झाँ-आँरी फाब्र यांनी. ते फ्रान्समधले गरीब शाळामास्तर होते. ज्या फुलांसाठी आणि माश्यांसाठी आज त्यांचं नाव घेतलं जातं, त्याच फुलांचा धडा शिकवला म्हणून एकदा त्यांना बिऱ्हाड गुंडाळावं लागलं होतं.

लिंबं विकणारा मुलगा

डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या सां-लेओं या खेड्यात आँरीचा जन्म झाला. घरात खाणारी तोंडं परवडत नव्हती, म्हणून लहानपणीची काही वर्षं त्याला आजी-आजोबांकडे मालाव्हालच्या शेतावर ठेवलं. आजोबा मेंढ्या-गुरं जाणणारे. किड्यामुंग्यांत वेळ घालवणारा नातू त्यांना कळणं शक्यच नव्हतं. घरी परतल्यावर बदकाची पिल्लं डबक्यावर न्यायचं काम त्याच्याकडे आलं. तो खिसे भरून चकाकणारे दगड आणि किडे घेऊन यायचा आणि खिसा फाटला म्हणून आईवडिलांची बोलणी खायचा. असा मुलगा आपल्याकडेही दर गल्लीत एक तरी निघतो.

वडिलांनी शेती सोडून शहरात कॅफे काढला. तो चालला नाही. मग दुसऱ्या गावी दुसरा काढला, तोही बुडाला. आँरी रोदे गावात देवळातल्या प्रार्थनेला सेवेकरी म्हणून उभा राहायचा, त्याच्या बदल्यात शाळेची फी माफ व्हायची. पुढे घरच पांगलं. कोवळ्या वयात तो एकटा बाहेर पडला. बोकेरच्या जत्रेत त्याने लिंबं विकली, रेल्वेचा रूळ टाकणाऱ्या मजुरांत काम केलं. कधी जेवण आणि पुस्तक यांतलं एकच परवडायचं, तेव्हा तो पुस्तक घ्यायचा.

अखेर अविन्याँच्या अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती परीक्षा त्याने दिली आणि पहिला आला. १८४२ मध्ये, अजून एकोणिसावं वर्षही पूर्ण झालेलं नसताना, कार्पांत्रास गावात तो प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झाला. पगार वर्षाला सातशे फ्रँक.

इथेच त्याची एकांड्या मधमाशीशी गाठ पडली आणि ती घालून दिली वर्गातल्या पोरांनी. जमीन मोजणीचा विषय शिकवायला फाब्र मुलांना गावाबाहेरच्या माळावर न्यायचे. साखळी धरायला, खुंट रोवायला मुलांना पाठवावं, तर एखादं पोर मध्येच वाकून दगड उचलायचं आणि गवताची काडी घेऊन काहीतरी चोखत बसायचं. चौकशी केल्यावर कळलं, की दगडांवर मातीच्या गोळ्यांसारखी घरटी आहेत, त्यांत मध आहे, आणि ही गोष्ट शाळेतल्या पोरांना मास्तरांच्या आधीपासून माहीत आहे. मास्तरही मुलांबरोबर काडी घेऊन बसले. मोजणी त्या दिवसापुरती राहून गेली.

ती घरटी होती गवंडी मधमाशीची. मादी रस्त्यावरची कोरडी माती लाळेत कालवून गारा करते, त्यात बारीक खडे बसवते आणि दगडावर अंगठीच्या बोटात घालायच्या टोपणाएवढी कोठडी उभी करते. ती परागकण आणि मधाच्या लगद्याने निम्मीअधिक भरते, वर एकच अंडं घालते आणि तोंड बंद करते. शेजारी दुसरी कोठडी, मग तिसरी. सगळ्या झाल्या की वरून जाड गिलावा देते. तो वाळला की दगडासारखा टणक. आपल्याकडे भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यात, कधी स्विचच्या खोक्यात मातीची घरटी करते ती कुंभारीण. तीही एकटीच राबते, पण ती गांधीलमाशीच्या जातकुळीतली. तिच्या कोठडीत मध नसतो, पिल्लांना खायला लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी असतात. बाहेरून दोघींचं बांधकाम सारखंच वाटतं.

या माशीचं नाव शोधायला फाब्र पुस्तकांच्या दुकानात गेले. कीटकांवरचा एक देखणा, चित्रांचा ग्रंथ होता. किंमत महिन्याच्या पगाराएवढी. तो त्यांनी घेतला. घर कसं चालवायचं हा प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलला.

नोकरीचा पगार, माशीचा नाद

पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी रात्री जागून गणित, भौतिकशास्त्र, मग जीवशास्त्र अशा पदव्या एकामागून एक मिळवल्या, बहुतेक अभ्यास शिक्षकाशिवाय. १८४४ मध्ये मारी व्हिलार हिच्याशी लग्न झालं होतं. १८४९ मध्ये कॉर्सिका बेटावर भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून बदली झाली. तिथे मोकां-तांदाँ नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले. त्यांनी शिवणाच्या साध्या सुया घेऊन, पाण्याने भरलेल्या ताटलीत गोगलगाय चिरून दाखवली आणि गणित सोडून जीवसृष्टीकडे वळायचा सल्ला दिला. महागडी उपकरणं नसली तरी चालतं, हे फाब्र यांनी तिथे पाहिलं आणि आयुष्यभर पाळलं. कॉर्सिकातल्या तापाने ते बेजार झाले आणि १८५३ मध्ये अविन्याँच्या सरकारी शाळेत परतले. पगार सोळाशे फ्रँक. जवळपास अठरा वर्षं ते तिथे होते, त्या सगळ्या काळात बढती नाही.

एका हिवाळी रात्री, शेगडीजवळ बसून ते लेओं द्युफूर या ज्येष्ठ अभ्यासकाचा लेख वाचत होते. एक एकांडी गांधीलमाशी भुंगेरे पकडून आपल्या बिळात पिल्लांसाठी साठवते आणि ते भुंगेरे कित्येक दिवस ताजे राहतात. द्युफूर यांचा तर्क असा, की माशी दंशातून कसलंतरी न कुजू देणारं औषध सोडत असावी. फाब्र यांनी स्वतः बिळांपाशी बसून पाहिलं. भुंगेरा मेलेलाच नव्हता. माशीने नेमक्या मज्जातंतूंच्या गाठीत डंख मारून त्याला लुळा केला होता. अन्न ताजं राहत होतं, कारण ते जिवंत होतं. १८५५ मध्ये हा निबंध छापला गेला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना बक्षीस दिलं. १८५९ मध्ये डार्विन यांनी आपल्या गाजलेल्या ग्रंथात फाब्र यांच्या निरीक्षणाचा उल्लेख केला. पगार मात्र सोळाशेच राहिला.

१८६५ मध्ये एक पाहुणा दारात आला. रेशीमकिड्यांच्या रोगाने दक्षिण फ्रान्सचा धंदा बुडत होता, त्यावर उपाय शोधायला सरकारने पाठवलेले लुई पाश्चर. त्यांना कोष बघायचे होते. फाब्र यांनी शेजाऱ्याकडून आणून दिले. पाश्चर यांनी एक कोष कानाशी धरून हलवला आणि आत काहीतरी आहे का, असं विचारलं. कोषात किडा असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं! फाब्र थक्क झाले, पण त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आधीच्या कल्पना डोक्यात न भरता थेट वस्तूकडे पाहायचं, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. नंतर पाश्चर यांनी त्यांचं द्राक्षारसाचं तळघर बघायची इच्छा दाखवली. शाळामास्तराकडे कसलं तळघर? फाब्र यांनी स्वयंपाकघरात मोडक्या खुर्चीवर ठेवलेला एक बुधला दाखवला. पाश्चर गप्प राहिले.

या गरिबीतून सुटायचा एक मार्ग फाब्र यांनी शोधला होता. अविन्याँच्या आसपास मंजिष्ठेची शेती होती. तिच्या मुळांपासून कापडाचा लाल रंग बनतो. तो शुद्ध स्वरूपात स्वस्तात काढायची रीत त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत बसवली, पेटंट घेतली, कारखानाही सुरू व्हायला आला. तेवढ्यात १८६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग, अलिझरीन, डांबरापासून कृत्रिमरीत्या तयार केला. काही वर्षांतच मंजिष्ठेची शेतं ओस पडली. सोलापुरात १८७० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली तेव्हा जगभरच्या लाल कापडाची दुनिया या कृत्रिम रंगाकडे वळत होती. फाब्र यांची दहा वर्षांची मेहनत आणि प्राध्यापक होण्याची आशा दोन्ही त्या रंगात बुडाली. त्या काळी विद्यापीठात टिकायचं तर घरची मिळकत असावी लागे, हे त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं होतं.

मुलींच्या वर्गातलं फूल

त्या काळचे शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई हे सुधारणावादी होते. ते एकदा प्रयोगशाळेत आले तेव्हा फाब्र यांचे हात कोपरापर्यंत मंजिष्ठेने लाल झाले होते. मंत्र्यांना हा मास्तर आवडला. त्यांनी त्यांना पॅरिसला बोलावून सन्मानाचं पदक दिलं, सम्राट तिसऱ्या नेपोलियनसमोर उभं केलं. द्युरुई यांची आणखी एक धडपड चालू होती, मुलींना माध्यमिक शिक्षण द्यायची. तोवर ते धर्मसंस्थेच्या हातात होतं. महाराष्ट्रात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, त्यानंतर वीस वर्षांच्या आतली ही गोष्ट. दगड आणि शेण अंगावर आलं नसेल, पण विरोधाची जात तीच.

अविन्याँत फाब्र यांनी संध्याकाळचे मोफत वर्ग सुरू केले. शेतकरी, कारागीर, तरुण मुली, कुणीही यावं. पाणी कशाचं बनतं, वीज कुठून येते, फूल कशासाठी असतं. एका व्याख्यानात त्यांनी फुलातले पुंकेसर, स्त्रीकेसर, परागकण आणि ते वाहून नेणारे कीटक यांबद्दल सांगितलं. आज सातवीच्या पुस्तकात असतं तेवढंच. पण ऐकायला मुली बसल्या होत्या. फुलांच्या मीलनाची गोष्ट मुलींसमोर काढणारा मास्तर म्हणून गावात गवगवा झाला. प्रवचनांतून त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

१८६९ मध्ये द्युरुई यांचं मंत्रिपद गेलं आणि फाब्र उघडे पडले. ते ज्या घरात भाड्याने राहत होते ते दोन वृद्ध, धर्मनिष्ठ बहिणींचं होतं. भाडेकरार लेखी नव्हता. त्यांनी महिन्याभरात जागा रिकामी करायला सांगितलं. पदरात पत्नी आणि पाच मुलं, शिल्लक काही नाही. शाळेची नोकरीही सुटली.

मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्या थडग्याजवळ राहता यावं म्हणून अविन्याँत घर करून होते. दोघांनाही वनस्पतींचा नाद. माळावर बरोबर फिरायचे, त्या भागातल्या वनस्पतींची नोंद करायचं दोघांनी ठरवलं होतं. मिल यांना कळताच त्यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले, कागद न करता. फाब्र यांनी नंतर ते फेडले. स्त्रियांच्या हक्कांवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने, मुलींना शिकवल्याबद्दल बेघर झालेल्या मास्तराला उचलून धरलं, ही जुळणी मला या सगळ्या चरित्रात फार बोलकी वाटते.

मग ऑरांज गावी आठेक वर्षं त्यांनी फक्त लेखणीवर काढली. मुलांसाठी रसायन, खगोल, शेती, घरकाम अशा विषयांवर त्यांनी डझनावारी क्रमिक पुस्तकं लिहिली. ती खपली आणि चूल पेटती राहिली. १८७७ मध्ये मुलगा ज्यूल वारला. सोळा वर्षांचा होता, वडिलांबरोबर बिळं शोधत फिरणारा. फाब्र यांनी नव्याने सापडलेल्या तीन एकांड्या गांधीलमाश्यांना त्याचं नाव दिलं. त्यानंतर ते स्वतः न्यूमोनियाने मरता मरता वाचले. घरासमोरची चिनाराच्या जातीची जुनी झाडं घरमालकाने तोडली, तेव्हा त्यांनी ते गावही सोडलं.

१८७९ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षात, सेरिन्याँ या खेड्याजवळ त्यांनी हेक्टरभर पडीक, दगडगोट्यांची जमीन आणि एक घर घेतलं. तिथल्या बोलीत अशा पडिक माळाला आर्मास म्हणतात, तेच घराचं नाव झालं. काटेरी झुडपं, सुकी माती, ऊन. शेतकऱ्याने नाक मुरडावं अशी जमीन, एकांड्या माश्यांना मात्र हवी तशी. त्याच वर्षी त्यांच्या कीटक-आठवणींचा पहिला खंड निघाला. १९०७ पर्यंत असे दहा खंड झाले.

इथल्या गवंडी माश्यांवरचा एक प्रयोग डार्विन यांच्या पत्रव्यवहारातून निघाला. माशीला घरट्यापासून दूर नेऊन सोडलं तर ती परत येते का? फाब्र यांनी छपराखालच्या घरट्यांतल्या माश्या पकडल्या, पाठीवर खडूचा ठिपका लावला, कागदी पुड्यांत घालून तीन-चार किलोमीटर दूर नेल्या आणि सोडल्या. मुलगी आग्लाए घरट्यांपाशी पहारा देत बसली होती. तासाभराच्या आत ठिपकेवाल्या माश्या दारात हजर, एखादी तर वाटेत परागकण गोळा करून! डार्विन यांनी सुचवलं, की आधी उलट दिशेला न्या, डबा गरगरा फिरवा, म्हणजे दिशेचं भान जाईल. फाब्र यांनी चौरस्त्यावर, लोक बघत असताना डबा गोफणीसारखा फिरवला. माश्या तरीही आल्या, दर शंभरातल्या तीस-चाळीस. पुढचे प्रयोग कळवण्याआधी, १८८२ मध्ये, डार्विन वारले. सूर्याची दिशा आणि वाटेवरच्या खुणा यांचा माश्या कसा उपयोग करतात, हे विसाव्या शतकात उलगडलं. दोघांचं उत्क्रांतीवर मात्र कधी जुळलं नाही. फाब्र यांनी तो सिद्धान्त अखेरपर्यंत मानला नाही. उपजत बुद्धी पहिल्यापासून जशीच्या तशी असते, असा त्यांचा हट्ट होता आणि तो चुकीचा होता. त्यांची निरीक्षणं मात्र विरोधकांनीही वापरली.

भुंगाही त्यांच्या तावडीतून सुटला नाही. मोठ्या बिळकरी कोळ्यापुढे त्यांनी भुंग्याच्या माद्या आणल्या. कोळी सहजासहजी झडप घालत नव्हता. नेम बसेल तेव्हाच तो मानेत चावायचा आणि भुंगा तत्काळ मरायचा. दुसरीकडे चावा बसला तर तोच भुंगा कित्येक तास जगायचा. असल्या एका निरीक्षणासाठी ते उन्हात अर्धा दिवस बसून राहत. गावकरी त्यांना खुळा समजत.

पण फळबागवाल्याने वाचावं ते त्यांचं काम ऑस्मिया नावाच्या एकांड्या माशीवरचं. ही माशी पोकळ बोरूत, वेळूच्या नळीत ओळीने कोठड्या करते. फाब्र यांनी आपल्या अभ्यासिकेच्या टेबलावरच नळ्या मांडल्या. काही वेळूच्या, काही काचेच्या, आतलं दिसावं म्हणून. खिडकी उघडी ठेवली. वसंतात खोली माश्यांनी भरून गेली. प्रत्येक कोठडीत काय घातलं, त्यातून कोण निघालं, याचा त्यांनी हिशेब ठेवला. नळीच्या तळाशी मोठ्या कोठड्या, भरपूर अन्न, त्यांतून माद्या. तोंडाजवळ लहान कोठड्या, कमी अन्न, त्यांतून नर. नर आधी बाहेर पडतात, म्हणून ते दाराशी. मग त्यांनी नळ्या आखूड केल्या, अरुंद केल्या. तिथे जवळजवळ नुसते नरच निघाले. म्हणजे जागा बघून, मुलगा की मुलगी हे आई अंडं घालतानाच ठरवत होती. या कीटकांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो. साठवलेलं वीर्य वापरायचं की नाही, एवढंच आईला ठरवायचं असतं.

घरटं बांधून परागकण वाहण्याचं काम माद्यांचं. त्यामुळे बागेत माश्यांसाठी वेळूच्या जुड्या टांगताना भोक किती खोल आणि किती रुंद, याला महत्त्व येतं. जपानमध्ये सफरचंदाच्या बागांत १९४० च्या दशकापासून ऑस्मियाची एक देशी जात अशा नळ्यांत पाळतात. अमेरिकेत बदाम आणि चेरीच्या बागांत तिथली देशी जात आहे. सुमारे आठ मिलिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर खोल नळी ठेवतात, आणि सफरचंदाला एकरी अडीचशे-तीनशे माद्या पुरतात असा हिशेब धरतात. सोलापूरच्या कोरड्या माळावर ऑस्मिया नाही. इथे अशा नळ्यांत गुलाबाची, बोगनवेलीची पानं गोल कातरून नेणारी पानकापी माशी येऊ शकते, आणि जाड वेळूत, वाळक्या फांदीत भुंगा.

फाब्र आर्मासमध्ये ही टिपणं करत होते त्याच काळात आपल्याकडेही कुणीतरी घरातल्या किड्यांकडे बघायला लागलं होतं. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन होते, तसेच साताऱ्यात जन्मलेले, मीठ आणि जकात खात्यात नोकरी करणारे एडवर्ड एटकेन होते. बंगल्यातल्या मुंग्या, माश्या, कोळी यांच्यावर एटकेन यांनी मिश्किल लेख लिहिले. भारतातल्या मधमाश्यांची पद्धतशीर यादी १८९७ मध्ये चार्ल्स बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्याच्या ग्रंथात आली. यादी म्हणजे नाव, रंग, आकार, कुठे सापडली. पण तिचा दिवस कसा जातो, हे फाब्र यांच्यासारखं चिकाटीने बसून बघण्याचं काम आपल्या बहुतेक एकांड्या माश्यांच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

फाब्र यांचं म्हातारपण सुखाचं नव्हतं. पहिली पत्नी १८८५ मध्ये गेली. १८८७ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं, आणखी तीन मुलं झाली. क्रमिक पुस्तकांचा खप आटला. कीटक-आठवणी जाणकार वाचत, पण त्यावर घर चालत नव्हतं. १९१० मध्ये चाहत्यांनी सेरिन्याँत त्यांचा सत्कार केला. तेव्हा कुठे पॅरिसच्या वर्तमानपत्रांना जाग आली, पुस्तकं धडाधड विकली गेली, सरकारने पेन्शन दिलं. साहित्याच्या नोबेलसाठीही त्यांचं नाव सुचवलं गेलं, ते मिळालं नाही. १९१३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष भेटायला आले. वय नव्वदीला टेकलं होतं, नजर अंधुक झाली होती, पायांतलं बळ गेलं होतं. महायुद्ध सुरू झालं आणि मुलगा सैन्यात गेला. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी आर्मासमध्येच त्यांचा मृत्यू झाला.

१९२२ मध्ये ते घर आणि माळ फ्रेंच सरकारने विकत घेतला. आता तिथे संग्रहालय आहे. अभ्यासिकेत अजून त्यांचं लिहायचं छोटं अक्रोडी टेबल ठेवलेलं आहे, एका हाताने उचलता येईल एवढं.